मझान्ना म्हणजे डिमिटर नव्हे

पोलंडच्या लोकप्रथांबद्दलचा एक मजकूर सध्या पुन्हा पुन्हा फॉरवर्ड होऊन येतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: वसंतात बुडवली जाणारी मझान्ना म्हणजे ग्रीकांची धान्यदेवी डिमिटर, सुगीचा ओंब्यांचा मुकुट म्हणजे इल्युसिसचं रहस्य (अथेन्सजवळ डिमिटरसाठी होणारे गुप्त विधी), ईस्टरची रंगवलेली अंडी म्हणजे ऑर्फिक या प्राचीन ग्रीक पंथाचं विश्वअंडं आणि नाताळच्या आदल्या रात्रीचे गोड गहू म्हणजे अथेन्समधलं मृतांचं जेवण. थोडक्यात, पोलिश खेड्यांनी प्राचीन ग्रीस जपून ठेवला. मला या दोन्ही जगांविषयी जिव्हाळा आहे, म्हणूनच हे सोडून देववत नाही.

आधी मझान्ना. ही पेंढ्याची बाई. तिला जुने कपडे नेसवायचे, मणी आणि फिती घालायच्या, गावभर मिरवायचं आणि नदीत नाहीतर डबक्यात टाकायचं, बऱ्याचदा आधी पेटवून. परतताना मागे वळून बघायचं नाही, पाण्यात पडलेल्या तिला हात लावायचा नाही, नाहीतर आजारपण मागे लागतं. पूर्वी हे ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या चौथ्या रविवारी होई, आता २१ मार्चच्या सुमारास शाळेतली मुलं करतात. डिमिटर इथे कुठून आली, याचा माग लागतो. यान द्वूगोश (१४१५–१४८०) या इतिहासकाराने पोलिश देवतांची यादी करताना बहुतेकींपुढे एकेक रोमन देवता मांडली. मझान्नापुढे त्याने केरेस लिहिली, म्हणजे रोमनांची धान्यदेवी, डिमिटरचं रोमन रूप. लॅटिनात वाढलेल्या विद्वानाने आपल्यासारख्याच वाचकांसाठी लावलेली ती जोडी होती. त्याआधी, १४२० मध्ये, पोलंडमधल्या पोझनानच्या धर्मसभेने ही प्रथा बंद करायला सांगितलं, तेव्हा त्या बाहुलीला लोक ‘मृत्यू’ म्हणतात असंच नोंदवलं.

आणि विधीचा रोख तरी पाहा. ग्रीक कथेत डिमिटर आपल्या मुलीची, पर्सेफोनीची, वाट पाहते. ती पाताळातून वर आली की शेतं हिरवी होतात. मझान्ना परत यावी असं कुणालाच वाटत नाही. तिच्या नावाचं मूळ अनेक अभ्यासक ‘मरणे’ या अर्थाच्या धातूशी जोडतात. तो धातू आपल्या ‘मरण’मध्ये आहे आणि ‘मर्त्य’ या अर्थाच्या ग्रीक ‘ब्रोतोस’मध्येही. म्हणून ही प्रथा आपल्याकडून तिकडे गेली असं कुणी म्हणणार नाही. भाषांचं मूळ एक असणं वेगळं आणि एकाने दुसऱ्याचा विधी उचलणं वेगळं.

आता सुगी. इल्युसिसच्या विधीत कापलेली एक ओंबी शांततेत दाखवली जाई, असं हिप्पोलितस हा तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक सांगतो. तिथलं गुपित फोडणाऱ्याला देहदंड होता. याउलट पोलंडच्या दोझिन्कीत, म्हणजे सुगीच्या सणात, मुकुट डोक्यावर घेऊन, गात-वाजवत, सगळ्यांसमोर मालकाच्या दारी नेत. त्याहून बोलका आहे तो शेतातच राखलेला शेवटचा झुपका. माझोव्हिया आणि पोदलासी भागात त्याला ‘प्शेप्यूर्का’ म्हणतात, म्हणजे लावा पक्षी. राय हे धान्य कापत कापत शेवटी मूठभर ताटं उभी ठेवायची, त्यांच्या शेंड्यांची वेणी घालायची, खालचं तण काढून जागा साफ करायची, मधे दगड ठेवून त्यावर भाकरी आणि मीठ मांडायचं. मग कापणीवाल्या एका पोरीला पाय धरून त्याभोवती ओढायचं, जणू पुढच्या वर्षाची नांगरट. यात इल्युसिसचं काय आहे? हे त्या शेतात राबणाऱ्यांचं स्वतःचं आहे, आणि ते त्यांच्याकडून काढून घेतलं जातं याचं मला वाईट वाटतं.

काळही जुळत नाही. थिओडोसियस सम्राटाने ३९२ मध्ये जुन्या देवपूजेवर बंदी घातली, ३९६ मध्ये अलारिकच्या गॉथ टोळ्यांनी इल्युसिस उद्ध्वस्त केलं. पोलंडचा राज्यकर्ता मिएश्को याचा बाप्तिस्मा ९६६ चा, आणि तोही बोहेमियामार्गे आलेल्या लॅटिन चर्चकडून. मधल्या पावणेसहाशे वर्षांत ही ओंबी पोलंडच्या व्हिस्तुला नदीकाठी कुणी नेली, यावर त्या मजकुरात एक शब्द नाही.

अंड्यांचा मुद्दा लवकर संपतो. पोलंडच्या ओपोले शहरातल्या ओस्त्रूवेकच्या उत्खननात दहाव्या शतकातली नक्षीदार अंडी सापडली आहेत, म्हणजे प्रथा जुनी आहेच. पण ऑर्फिक अंडं ही विश्व कसं जन्मलं याची कथा आहे. मेणाने रेघा ओढून कांद्याच्या सालीत अंडं उकळण्याचा विधी त्यात नाही. अंड्यातून विश्व निघाल्याची कल्पना आपल्या हिरण्यगर्भातही आहे. वसंतात कोंबड्या भरपूर अंडी घालतात आणि उपासकाळात अंडी वर्ज्य होती, म्हणून ईस्टरला घरात अंडीच अंडी असत. याला अथेन्सची गरज नाही.

राहिले गोड गहू, आणि इथे मजकूर अर्धा बरोबर आहे. या पदार्थाला ‘कुत्या’ म्हणतात: सोललेले गहू, खसखस, मध, अक्रोड. अथेन्समध्ये अँथेस्टेरिया सणाच्या तिसऱ्या दिवशी सगळी धान्यं एका मडक्यात शिजवून मृतांना नेणाऱ्या हर्मीसला देत. ग्रीक चर्चमध्ये आजही मृतांच्या स्मरणाला उकडलेले गहू, ‘कोलिवा’, करतात. आणि ‘कुत्या’ हा शब्द दाणे, शेंगा या अर्थाच्या ग्रीक ‘कुक्किया’वरून आला असं व्युत्पत्तिकार सांगतात. पण वाट कुठली? ९८८ मध्ये कीव्हने कॉन्स्टँटिनोपलचा धर्म स्वीकारला, त्याच्याबरोबर हे ताट आणि हा शब्द रूसमध्ये, म्हणजे कीव्हच्या राज्यात, गेला, तिथून पोलंडच्या पूर्व सीमेवर. म्हणूनच कुत्या पूर्वेकडच्या घराण्यांची खूण आहे. पश्चिम पोलंडच्या पारंपरिक ताटात ती क्वचितच असे. १९४३ ते १९४८ मध्ये कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, ते मुख्यतः याच पूर्व भागातून हाकलले गेलेले.

पोलिश कवी आदाम मित्सक्येविचने १८२३ च्या ‘जादी’ नाटकाच्या प्रस्तावनेत मृतांच्या जेवणाचा उल्लेख करताना होमरकालीन ग्रीसबरोबर स्कँडिनेव्हिया आणि पूर्वेकडचे देशही धरले आहेत. ही चाल सगळ्याच ख्रिस्तपूर्व धर्मांच्या लोकांत असावी, असं तो म्हणतो.

तेव्हा तो मजकूर पुढे पाठवायचाच असेल तर कुत्याची ओळ तेवढी ठेवा, आणि तिच्यातलं ‘अथेन्स’ खोडून ‘कॉन्स्टँटिनोपल, कीव्हमार्गे’ लिहा.