राजकारण करा, पण गेटचं करा

ऑक्टोबर 2025 मध्ये दादाने एक फोटो फॉरवर्ड केला. मराठवाड्यातल्या पुरानंतर वाटलेल्या मदतीच्या किटचा. पिशवीवर नेत्यांचे हसरे चेहरे. खाली त्याचा व्हॉइस मेसेज: "पाह्य बाई, लोकायचं सारं वाहून गेलं आन् हे फोटो छापून रायले. तुमच्याइकडं असं नसन."

मी जर्मनीत, बॉनला राहते. माहेर ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी. "नाही रे, इकडे असं नसतं," असं टाइप केलं आणि पुसून टाकलं. परदेशात बसलेल्या माणसाला हे वाक्य फार स्वस्तात पडतं. गावाकडच्यांना ते ऐकायचं असतं, आपल्याला म्हणायचं असतं, आणि खरं-खोटं बघायला कोणी येत नाही.

तर दादा, खरं सांगते. आमच्या घरापासून आर नदीचं खोरं तीसेक किलोमीटर. नदी कसली, एरवी आपल्या नाल्याएवढी, पोरं गुडघाभर पाण्यात दगड वेचतात. 14 जुलै 2021 च्या रात्री त्या एका खोऱ्यात 130 हून जास्त माणसं गेली. झिन्त्सिग नावाच्या गावात अपंगांच्या वसतिगृहातले तळमजल्यावरचे 12 जण बुडाले. आणि चिखल वाळायच्या आत राजकारण सुरू झालं.

हसऱ्या चेहऱ्यांचंच घे. 17 जुलैला राष्ट्रपती पूरग्रस्त गावात उभं राहून बोलत होते आणि मागे आर्मिन लाशेट कोणाशी तरी बोलताना खिदळत होते. ते चान्सलरपदाचे, म्हणजे आपल्या पंतप्रधानपदासारख्या पदाचे, उमेदवार. तेवढे काही सेकंद देशभर फिरले. माफी मागून झाली, तरी सप्टेंबरच्या निवडणुकीत पक्ष आपटला. पडायला बाकीचीही कारणं होती, पण माझ्या शेजारणीला विचारशील तर ती ते हसूच सांगेल. दुसरीकडे कोरोनाचे निर्बंध न मानणारी मंडळी मदतीच्या नावाखाली खोऱ्यातल्या शाळेत तळ ठोकून बसली. पोलिसांच्या गाडीसारखी दिसणारी एक गाडी लाउडस्पीकर लावून फिरत होती आणि पोलिस कमी करणार आहेत असं खोटंच सांगत होती. स्वतः पोलिसांना खुलासा करावा लागला. पिशवीवरचा फोटो परवडला म्हणायची वेळ.

माणुसकीचं म्हणशील, तर त्यात कोणी कोणाला हार जाणार नाही. मी त्या ऑगस्टात दोन शनिवार चिखल काढायला गेले. डोंगरावरून बस भरभरून माणसं खाली सोडत होत्या. शिक्षक, नर्स, कॉलेजची पोरं. तळघरातून रस्त्यापर्यंत बादल्यांची रांग. चिखलाला रॉकेलसारखा वास, कारण घराघरातल्या हीटिंगच्या तेलाच्या टाक्या फुटल्या होत्या. तो वास माझ्या केसांतून आठवडाभर गेला नाही. उत्तरेकडचे शेतकरी स्वतःचे ट्रॅक्टर घेऊन आले होते, आणि मला ट्रॅक्टर बघून रडू आलं. इतरांना वाटलं, थकली असेल.

मला आपल्या गावचा ट्रॅक्टर आठवला होता. ऑगस्ट 2020 ची अखेर. मध्य प्रदेशात धो धो पाऊस, सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवर धरणातून पाणी सुटलं, गोसेखुर्द धरणाचे 33 च्या 33 गेट उघडले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत वैनगंगा पसरली. विमानं बंद, मी इथे. जे कळलं ते फोनवरच. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपासून ज्या दोन घरांत बोलणं नव्हतं, त्यातल्या एकाच्या ट्रॅक्टरवर दुसऱ्याची म्हातारी बसून टेकाडावरच्या शाळेत गेली. कोरोनाच्या भीतीनं जी माणसं एकमेकांना दारात उभी करत नव्हती, ती एका वर्गात चाळीस-चाळीस झोपली. तीन दिवस भात आणि तुरीचं पातळ वरण. कोणाचा तांदूळ, कोणाची डाळ, हिशेब कोणी मांडला नाही.

आणि मग पाणी उतरलं. आईनं धान साठवायच्या ढोलीचं झाकण काढलं तर आत धानाला मोड आलेले, हात घातला तर गरम लागलं. हे तिनं मला चार वेळा सांगितलं. घर पडलं ते एकदाच सांगितलं. धानाच्या बांधीत कमरेएवढी रेती. पंचनाम्याला आलेल्या माणसानं बांधावरूनच फोटो काढला. रोवणी झालेलं धान वरून हिरवं दिसत होतं, म्हणून नुकसान तेहतीस टक्क्यांच्या आत की बाहेर यावर वाद. मग कोणाचं नाव यादीत आलं, कोणाचं राहिलं, आणि ते कोणी गाळलं, यावर गाव पुन्हा दोन पार्ट्यांत वाटलं गेलं. ट्रॅक्टरवाला आणि म्हातारीचा मुलगा आता पुन्हा बोलत नाहीत, असं दादानंच मागे सांगितलं.

इथे माझं दादाशी, आणि अर्ध्या महाराष्ट्राशी जमत नाही. पूर आला की सगळ्यांचं एकच पालुपद: यात राजकारण आणू नका. सत्तेतले विरोधकांना हेच सांगतात. विरोधक सत्तेत गेले की तेही म्हणतात. आम्ही परदेशातले तर सकाळ-संध्याकाळ म्हणतो. मला वाटतं, आपल्याकडे पुराचं राजकारण कमी होतं. होतं ते वाटपाचं. किती कोटी, किती हेक्टरपर्यंत, किटवर कोणाचा फोटो, बांधावर आधी कोण पोचलं. 7 ऑक्टोबर 2025 ला 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यावर भांडण झालं, ते व्हायलाच हवं होतं. महिनाअखेरीस कर्जमाफीसाठी शेतकऱ्यांनी नागपूर अडवलं, तेही बरोबर. पैशाचं भांडण गरिबाला सोडून चालत नाही. पण पाणी सोडायचं कोणी ठरवलं, वरच्या राज्यातून खालच्याला निरोप किती वाजता आला, तो तहसीलपर्यंत कधी आणि कोतवालापर्यंत कधी, हे विचारणारं राजकारण आमच्या गावात तरी कोणी केलं नाही. आणि गावानं गावाला कसं सांभाळलं याचं कौतुक ऐकलं की मला आता धास्ती वाटते. शाबासकी देऊन झाली की पुढचं कोणी विचारत नाही.

आरच्या खोऱ्यात कोणालाही विचार, 23 वाजून 9 मिनिटं म्हणजे काय. त्या रात्री जिल्ह्यानं सर्वांत वरच्या पातळीचा धोका जाहीर केला ती ही वेळ. तोवर वरच्या गावांत पाणी घरांत शिरलेलं होतं. ही वेळ आपोआप कळली नाही. राज्याच्या विधानसभेनं चौकशी समिती बसवली, ती 2024 पर्यंत चालली. कोण कुठे होतं, कोणी कोणाला काय मेसेज केला, सगळं काढलं. पुराच्या वेळी राज्याच्या पर्यावरणमंत्री असलेल्या आने श्पीगल पूर होऊन दहाएक दिवसांतच चार आठवडे फ्रान्सला सुट्टीवर गेल्या होत्या. ते बाहेर आल्यावर एप्रिल 2022 मध्ये त्यांना तोवर मिळालेलं केंद्रातलं मंत्रिपद सोडावं लागलं. पोलिस हेलिकॉप्टरचे त्या रात्रीचे व्हिडिओ समितीसमोर उशिरा आले, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. हे सगळं विरोधकांनी मतांसाठी केलं, यात मला तिळमात्र शंका नाही. करू देत.

मोवाडचं नाव काढ, नरखेड-काटोलकडचा माणूस सांगेल: 30 जुलै 1991, वर्धा नदीचा पूर, 204. गेलेल्यांचा आकडा आपल्याला पाठ असतो. निरोप किती वाजता निघाला, तो आकडा आपल्याकडे नसतो.

हे सगळं मी दादाला जरा लांबलचकच सांगितलं. तो ऐकून घेतो, मग नेमकं विचारतो. "मंग तिकडच्या कलेक्टरले शिक्षा झाली का?" नाही झाली. एप्रिल 2024 मध्ये सरकारी वकिलांनी तपास बंद केला, खटला उभाच राहिला नाही. ज्यांची माणसं गेली ते चिडले, अजून चिडलेले आहेत. 30 अब्ज युरोंचा निधी होता, पण अर्ज भरता भरता लोक टेकीला आले. "मंग सारखंच झालं ना," दादा म्हणाला. मला सारखं वाटत नाही, पण त्या वेळी उत्तर सुचलं नाही.

मी त्याला उलट विचारलं: आपल्या गावात पाणी किती वाजता शिरलं? तो म्हणाला दोन. वहिनी मागून म्हणाली, छे, कोंबडं आरवलं होतं. दवंडी झाली का? संध्याकाळी झाली, असं एक जण म्हणतो. झालीच नाही, असं दुसरा. कोण काय म्हणतो ते कोण कोणत्या पार्टीचा यावरून ठरतं.

फोन ठेवल्यावर मी आईचं चॅट मागे मागे नेलं. 30 ऑगस्ट 2020, माझ्याकडचे 23 वाजून 52 मिनिटं, एक मिस्ड कॉल. मी झोपले होते. त्याखाली सात सेकंदांचा व्हॉइस मेसेज, मागे कुत्रं ओरडतंय: "बाई, अंगणात आलं वं पाणी." म्हणजे गावात पहाटेचे 3 वाजून 22 मिनिटं. दादाला स्क्रीनशॉट पाठवला.