‘शिकलेला वेटर’वाल्या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागला की सोलापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. सारांश असा: हॉटेल मॅनेजमेंट म्हणजे लाखांनी फी भरून ‘शिकलेला वेटर’ होणं, क्लबातली नोकरी म्हणजे बड्या लोकांची हांजी हांजी, आणि सोलापुरात या शिक्षणाला कुत्रं विचारत नाही. मी स्वतः क्लबात काम करतो, म्हणून हे उत्तर.

आधी वेटर. ट्रे उचलावाच लागतो. ट्रेनिंगमध्ये भांड्यांपासून बेडशीटपर्यंत सगळं करायला लावतात, ब्रेक शिफ्टमध्ये दिवसाचे दोन तुकडे होतात, दिवाळीला घर दिसत नाही, सुरुवातीचा पगार सांगायला लाज वाटावी असा. मेसेजवाल्याने एवढंच लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण ज्याने ताट वाढलंय त्यालाच पुढे फूड कॉस्ट कळते. हाऊसकीपिंग म्हणजे झाडलोट समजणाऱ्यांनी लिननचा, म्हणजे चादरी-टॉवेलांचा, हिशोब करून बघावा: एक संच खोलीत, एक धुलाईत, एक कपाटात, आणि टॉवेल किती जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम) घ्यायचा हे वेगळंच. टॉवेलच्या गावात वाढलेल्या पोराला जीएसएम काय ते समजावून सांगावं लागत नाही, हा त्याचा फायदाच.

आता हांजी हांजी. हॉटेलात गिऱ्हाईक येतं आणि जातं. क्लबात तोच सभासद तीस वर्षं रोज येतो, आणि तो मालकही असतो. रम्मीच्या टेबलावर रुसलेले काका पुढच्या वर्षी कमिटीत निवडून येतात. अशा ठिकाणी नुसतं ‘हो साहेब’ म्हणणारा मॅनेजर टिकत नाही, कारण दोन सभासद परस्परविरुद्ध गोष्टी मागतात आणि तेव्हा उपविधी उघडून दाखवावे लागतात. सर्वसाधारण सभेची नोटीस, इतिवृत्त, बारचा एफएल-४ हा क्लबांसाठीचा दारू परवाना, बॅडमिंटन कोर्टाचं लाकूड, सगळं एकाच टेबलावर. शिवाय कर. क्लबाच्या बँकेतल्या ठेवींच्या व्याजावर आयकर लागतो, हे बंगलोर क्लबच्या खटल्यात २०१३ मध्ये ठरलं. सभासदाला दिलेलं खाणंपिणं ही विक्री नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कलकत्ता क्लबच्या बाबतीत म्हटलं. मग क्लबाने सभासदाला दिलेल्या सेवेवरही कर लागावा म्हणून सरकारने २०२१ च्या वित्त कायद्यातून जीएसटी कायदाच बदलला, तोही १ जुलै २०१७ पासून लागू धरून. हे सगळं कमिटीतल्या डॉक्टरांना आणि बिल्डरांना समजावून सांगायचं काम कुणाचं? अमेरिकेत क्लब मॅनेजरांची संघटना १९२७ पासून आहे. आपल्याकडे सेक्रेटरीच्या खुर्चीवर निवृत्त लष्करी अधिकारी बसवायची जुनी सवय, त्यामुळे वर चढायला वेळ लागतो. ही अडचण खरी आहे, मेसेजात मात्र ती नाही.

सोलापुरात वाव नाही म्हणणाऱ्याने आषाढीला पंढरपुरात खोली शोधावी. अक्कलकोट, तुळजापूर जवळ, वर्षभर राबता. यात्रेकरूला स्वच्छ चादर, गरम पाणी आणि वेळेवर जेवण देणं हेच तर आतिथ्य. मोठे क्लब मात्र पुण्या-मुंबईत, तिथे जावं लागतं. इंजिनिअर झालेली पोरंही तिकडंच जातात, त्यांच्यावर असा मेसेज कुणी फिरवत नाही.

राहिली फी. इथे मेसेज अर्धा बरोबर आहे. ‘परदेशात शंभर टक्के नोकरी’ असं फ्लेक्सवर छापणाऱ्या संस्था आहेत आणि त्यात घरची बचत बुडते. पण म्हणून सगळं शिक्षणच फसवं ठरत नाही. दादरची सरकारी हॉटेल मॅनेजमेंट संस्था १९५४ ची, आणि अशा संस्थांतले प्रवेश हॉटेल मॅनेजमेंटच्या राष्ट्रीय परिषदेच्या प्रवेश परीक्षेतून (एनसीएचएम जेईई) होतात. आधी ती द्या. खासगीत जायचंच असेल तर पदवी कोणत्या विद्यापीठाची ते लेखी घ्या, किचनमध्ये शेगड्या खरंच पेटतात का ते बघा, आणि मागच्या बॅचमधल्या दोन-तीन पोरांना थेट फोन करून ट्रेनिंग कुठं झालं, हातात पैसे किती पडले ते विचारा. संस्था ते नंबर द्यायला का-कू करत असेल तर पुढच्या संस्थेत जा.