लंडनमध्ये आधी बस शिका, ट्यूब नंतर

लंडनला शिकायला, नोकरीला किंवा लेकीकडे-मुलाकडे राहायला निघालेल्या माणसाला सगळे ट्यूबचा, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेचा, नकाशा पाठवतात. बसबद्दल कुणी फारसं बोलत नाही. फार तर सांगतात, 'वेळ असला तर वरच्या मजल्यावर बसून जा, शहर दिसतं.' मला हे पटत नाही. तिथे राहून पैसे जपून वापरायचे असतील तर बस ही हौसेची गोष्ट राहत नाही, रोजचा मुख्य आधार होते. फक्त तिचे नियम आपल्याकडच्या बसपेक्षा वेगळे आहेत, ते आधी समजून घ्यावे लागतात.

सुरुवात पैशांपासून. लंडनच्या बसमध्ये 6 जुलै 2014 पासून रोख पैसे चालत नाहीत. कंडक्टर नाही, ड्रायव्हर सुट्टे घेत नाही. ऑयस्टर कार्ड (आधी पैसे भरून वापरायचं तिथलं प्रवासाचं कार्ड), कॉन्टॅक्टलेस म्हणजे नुसतं टेकवून चालणारं बँक कार्ड किंवा फोन, यांपैकी काहीतरी हवंच. मोठ्या माणसाचं भाडं मार्च 2023 मध्ये 1.75 पौंड झालं. त्यापुढचे आकडे याच दराच्या हिशोबाने देतो. दर बदलत असतात, निघण्याआधी एकदा बघून घ्या. बसला झोन, म्हणजे अंतराप्रमाणे भाडं बदलणारे विभाग, नाहीत आणि गर्दीच्या वेळेचं वेगळं भाडंही नाही. दोन थांबे गेलात किंवा तासभर बसलात, पैसे तेवढेच.

यातली खरी गंमत तासाच्या नियमात आहे. पहिल्या टॅपपासून, म्हणजे यंत्रावर कार्ड टेकवल्यापासून, एका तासाच्या आत कितीही बस बदला, भाडं एकदाच कापलं जातं. सप्टेंबर 2016 मध्ये हे सुरू झालं तेव्हा एकच बदल फुकट होता; जानेवारी 2018 पासून मर्यादा उठली. याला 'हॉपर' म्हणतात. तास मोजतात तो टॅपपासून टॅपपर्यंत, उतरण्यापर्यंत नाही. म्हणजे 10 वाजता पहिली बस, 10:35 ला दुसरी आणि 10:58 ला तिसरी पकडली, तर ती तिसरी बस तुम्हाला 11:40 ला सोडो, एकूण 1.75 पौंडच. तोच तिसरा टॅप 11:01 ला झाला तर नवं भाडं लागतं आणि तिथून नवा तास सुरू होतो. मध्ये ट्यूबने गेलात तरी बसचा तास तुटत नाही, ट्यूबचे पैसे मात्र वेगळे. त्यामुळे दूर जाणारी थेट बस वीस मिनिटांनी असेल आणि जवळच्या चौकापर्यंत जाणारी समोर उभी असेल, तर खुशाल चढा. पुढे बदलायला पैसे पडणार नाहीत.

दिवसभरात फक्त बस आणि ट्रॅम वापरली तर 5.25 पौंडांवर कापणं थांबतं, म्हणजे तीन भाड्यांनंतरचा दिवस फुकट. हा दिवस पहाटे 4:30 ला बदलतो. आठवड्याची मर्यादा 24.70 पौंड, पण ती सोमवार ते रविवार अशीच मोजतात. गुरुवारी पोहोचलेल्या माणसाचा हिशोब सोमवारी पुन्हा शून्यावर येतो. सात दिवसांचा बस-ट्रॅम पास त्याच किमतीचा आहे आणि तो कुठल्याही वारी सुरू होतो. विद्यार्थ्यांनी इथे नीट लक्ष द्यावं: 18 वर्षांवरच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या ऑयस्टरवर पासला 30 टक्के सवलत मिळते, साध्या टॅपला मिळत नाही. रोज बसने कॉलेजला जाणाऱ्याने ते कार्ड काढून नुसतं टॅप करत राहायचं, म्हणजे सवलत तशीच सोडून द्यायची.

आता कार्ड. भारतीय बँकेचं नवं कार्ड हातात येतं तेव्हा परदेशातले व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस दोन्ही बंद असतात; रिझर्व्ह बँकेचा 2020 चा नियमच तसा आहे. दोन्ही बटणं बँकेच्या ॲपमधून घरून निघतानाच चालू करा. शिवाय प्रत्येक परदेशी खर्चावर बँक आपला टक्का लावते, म्हणून चार दिवसांपेक्षा जास्त राहणार असाल तर ऑयस्टर बरं. आणि सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात ते हे: प्लॅस्टिकचं कार्ड आणि तेच कार्ड घातलेला फोन ही यंत्राच्या लेखी दोन वेगळी कार्डं आहेत. सकाळी फोन आणि दुपारी कार्ड लावलं की तासाचा नियमही गेला आणि दिवसाची मर्यादाही. घड्याळ लावलं तर तिसरं. माणशी एकच वस्तू ठरवा आणि तीच लावा. एका कार्डावर नवरा-बायको दोघं जाता येत नाही. 11 वर्षांखालची मुलं मात्र बसमध्ये फुकट. ऑयस्टरमध्ये भाड्यापेक्षा कमी, पण शून्याच्या वर पैसे असतील तर एक बस मिळते. नंतर पैसे भरेपर्यंत नाही.

पैशांचं झालं, पण माझ्या मते खरी विद्या थांब्यावरची आहे. मोठ्या चौकात किंवा स्टेशनबाहेर एकाच नावाचे सात-आठ थांबे असतात. त्यांना वेगळं करतं ते खांबावरच्या लाल गोलातलं अक्षर. ॲप 'स्टॉप जी' सांगत असेल तर 'एच'वर उभं राहून उपयोग नाही, दोन्हीकडे तीच दुकानं दिसली तरी. अक्षराखालच्या पाटीवर जे नंबर आहेत तेवढ्याच बस तिथे थांबतात. तुमचा नंबर पाटीवर नसेल तर बस डोळ्यांसमोरून निघून जाईल. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, त्यामुळे कोणत्या बाजूला उभं राहायचं याचा अंदाज बरोबर येतो. फक्त एकदिशा रस्त्यांच्या भागात परतीचा थांबा समोर नसून मागच्या गल्लीत निघतो. सकाळी उतरलात तिथे संध्याकाळी रस्ता ओलांडून उभं राहण्याआधी पाटी वाचा.

वारंवार धावणाऱ्या मार्गांच्या वेळापत्रकात दिवसा घड्याळाची वेळ छापत नाहीत, 'दर इतक्या मिनिटांनी' एवढंच असतं. पहिली आणि शेवटची बस तेवढी पाहून ठेवा. बस दिसली की आधी नंबर आणि मग कपाळावरचं शेवटचं ठिकाण वाचा, कारण त्याच नंबरच्या काही फेऱ्या अर्ध्यातच संपतात. मग हात आडवा, स्पष्ट बाहेर काढा. थांब्यावर नुसतं उभं राहिलात तर ड्रायव्हरला वाटेल तुम्ही दुसऱ्या बसची वाट पाहताय.

बेस्टच्या जुन्या लाल बसमध्ये मागून चढून पुढून उतरायची सवय असलेल्यांनी हे लक्षात ठेवा: इथे पुढून चढायचं, मधल्या दाराने उतरायचं. चढताच ड्रायव्हरजवळच्या पिवळ्या यंत्रावर कार्ड टेकवा, आवाज आणि हिरवा दिवा येईपर्यंत धरा. तिकीट निघत नाही. उतरताना टेकवायचं नाही. तपासनीस हातातल्या यंत्रावर तेच कार्ड वाचतो. टॅप नसेल तर दंड 100 पौंड, 21 दिवसांत भरला तर 50. वरच्या मजल्यावर उभं राहायला मनाई आहे. आपला थांबा यायच्या आधी खांबावरचं बटण एकदाच दाबा. पुढच्या थांब्याचं नाव पडद्यावर दिसतं आणि ऐकूही येतं.

मधेच बस उभी राहते आणि 'फेऱ्यांमधलं अंतर सारखं करण्यासाठी थांबत आहोत' अशी घोषणा होते. यावर लोक फार चिडतात, पण त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. एखादी बस जरा उशिरा आली की प्रत्येक थांब्यावर तिला जास्त माणसं मिळतात, ती चढेपर्यंत तिला आणखी उशीर होतो. मागची बस जवळजवळ रिकामी, म्हणून ती भराभर पुढच्या बसला गाठते. पाहता पाहता दोन-तीन बस एकामागोमाग आणि नंतर वीस मिनिटं काहीच नाही. लंडनच्या बस खासगी कंपन्या 'ट्रान्सपोर्ट फॉर लंडन' या शहराच्या वाहतूक संस्थेच्या करारावर चालवतात, आणि वारंवार धावणाऱ्या मार्गांवर त्यांचं काम मोजतात ते प्रवाशाला ठरलेल्या अंतरापेक्षा किती जास्त थांबावं लागलं यावर. म्हणून नियंत्रक पुढे गेलेल्या बसला दोन मिनिटं थोपवतो. तुमची दोन मिनिटं जातात, पण पुढच्या थांब्यांवरच्या माणसांना बस वेळेवर मिळते. फार उशीर झाला तर बस अर्ध्यात संपवूनही टाकतात. अशा वेळी वाद घालू नका, उतरा आणि मागून येणारी त्याच नंबरची बस धरा.

बस ट्यूबपेक्षा सरस ठरते ती उपनगरांत आडवं जाताना. ट्यूबच्या बहुतेक रेषा मध्यभागी शिरतात आणि बाहेर पडतात. वेम्ब्लीहून गोल्डर्स ग्रीनला ट्यूबने जायचं तर आत जाऊन परत बाहेर यावं लागतं. 83 नंबर थेट जाते. 2023 मध्ये सुरू झालेल्या सुपरलूपच्या बस मोजकेच थांबे घेतात, भाडं मात्र तेच. हॅरोला राहणाऱ्यांनी हीथ्रो विमानतळासाठी यातली एसएल 9, क्रॉयडनकरांनी एसएल 7 लक्षात ठेवावी. एक बॅग असेल तर उत्तम. 23 किलोच्या दोन बॅगा आणि सोबत म्हातारी माणसं असतील तर मी सुचवणार नाही. चेंबूर-ठाण्याहून आलेल्या मंडळींना बाबासाहेबांचं 10, किंग हेन्रीज रोडवरचं घर बघायचं असतं. महाराष्ट्र सरकारने ते 2015 मध्ये विकत घेतलं. कॅम्डन टाउनहून 31 नंबर ॲडलेड रोडने जाते, तिथे उतरून थोडं चालायचं.

गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांसाठी तर बसच. ट्यूबच्या किती तरी स्टेशनांवर जिने चुकत नाहीत, बस मात्र फूटपाथच्या बाजूला झुकते. त्यांना खालीच बसवा, आणि चढल्याबरोबर खांब धरायला सांगा. ते बसेपर्यंत ड्रायव्हर थांबेलच असं नाही. मधल्या मोकळ्या जागेवर पहिला हक्क व्हीलचेअरचा आहे. कुणी व्हीलचेअर घेऊन आलं तर बाबागाडी घडी करून बाजूला घ्या, सांगायची वाट पाहू नका.

फक्त रात्री धावणाऱ्या बसला नंबरआधी 'एन' असतो. दिवसाच्या नंबरवरून तिचा मार्ग गृहीत धरू नका: 9 नंबर हॅमरस्मिथला संपते, पण एन 9 पुढे हीथ्रोपर्यंत जाते. पहाटेच्या विमानाला त्याच भाड्यात पोहोचवणारी ही बस आहे. दिवसा मात्र विमान, परीक्षा किंवा व्हिसाची ठरलेली वेळ असेल आणि वाट मध्य लंडनमधून असेल, तर बस घेऊ नका. तिथे संध्याकाळी रस्ते इतके तुंबतात की दोन थांब्यांसाठी चालत गेलेलं बरं.