वनहक्कामुळे जंगल संपतं? आधी बांबूचा हिशोब बघा

'वनहक्क कायद्याने जंगल वाटून टाकलं. आता लोक ते तोडून विकतील, वाघ जाईल आणि विकासही होणार नाही.' या आशयाचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरत असतो.

आधी 'वाटून टाकलं'. २००६ चा कायदा नवी जमीन वाटत नाही. आदिवासींना आणि पिढ्यानपिढ्या जंगलात राहणाऱ्या इतरांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताब्यात असलेल्या जमिनीवरच हक्क मिळतो, जास्तीत जास्त चार हेक्टर. तो वारसाला जातो, विकता मात्र येत नाही. खोटे दावे आलेच नाहीत असं नाही, पण ते फेटाळायची सोय कायद्यातच आहे.

'तोडून विकतील' हे मात्र ऐकून हसू येतं. सत्तरच्या दशकात कर्नाटकातला बांबू का संपतोय, हे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ तपासत होते. कागद गिरणीला तो टनामागे दीड रुपयाने दिला गेला होता. बुरुडाला बाजारात तेवढ्याच बांबूचे हजारो रुपये पडत. फुकटच्या मालाची फिकीर कोण करणार? त्यात गिरणीची माणसं 'वाढ चांगली होईल' म्हणून बेटाच्या बुडाशी असलेलं काटेरी जाळं साफ करत. गावकरी म्हणत, काटा काढलात की कोवळे कोंब गुरं खाणार. झालंही तसंच. तोड कुणी केली, सांगा!

'वाघ जाईल' म्हणणाऱ्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव बघावं. विडीसाठी तेंदूची पानं लागतात; ती नवी फुटावीत म्हणून झुडपं छाटतात, रानात आगीही लावतात. सामूहिक हक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरायचा आणि सांभाळायचा हक्क, मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं आणि बांबूवर भर दिला. हातचं उत्पन्न असं सोडणारा ठेकेदार मला तरी माहीत नाही. सगळी गावं पाचगावसारखी नाहीत, हे मान्य. पण हक्क मिळाला की जंगल गेलंच, हे सूत्र तिथेच मोडतं.

राहिला विकास. तो कुणी अडवला, तेही बघा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू बाहेर न्यायचा परवाना मिळेना. २००६ चा कायदा बांबूला गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलात मिळणारा माल, म्हणतो, १९२७ चा भारतीय वन कायदा त्याला झाड मानत होता, आणि वनखातं जुन्यावर अडून बसलेलं. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं, तेव्हा कुठे गावाचा बांबू गावाला विकता आला.