इब्सेनच्या घरी जाताना

ओस्लोला गेलातच, तर नॉर्वेचा नाटककार हेन्रिक इब्सेन याचं घर बघून घ्या. राजवाड्याच्या बागेसमोरच आहे, म्हणजे राजवाडा आणि जेवण यांच्यामध्ये सहज उरकतं. तयारी म्हणाल तर एकच: त्याचं एकही नाटक वाचून जाऊ नका. वाचून गेलेल्यांची फार पंचाईत होते. सुखवस्तू दिवाणखान्यांतला खोटेपणा ज्यानं जन्मभर चव्हाट्यावर आणला, त्याच्याच दिवाणखान्यात उभं राहून पडद्यांचं कौतुक करणं त्यांना जड जातं. तुम्हाला जमेल. भिंतींना मूळचे रंग शोधून पुन्हा दिलेत. "काय टेस्ट होती हो!" म्हणा आणि पुढे सरका.

अभ्यासिकेत मात्र रेंगाळा. तिथे भिंतीवरून एक गृहस्थ डोळे रोखून बघत असतात. ते इब्सेनचे वडील नव्हेत. तो ऑगस्ट स्ट्रिंडबर्ग, स्वीडनचा नाटककार आणि इब्सेनचा कट्टर विरोधक. हे चित्र इब्सेननं १८९५ साली पदरचे पैसे मोजून घेतलं. हा वेडा बघत असला की लिहायला बरं पडतं, म्हणायचा. आपल्याकडे एक नाटककार दुसऱ्याचा फोटो लावतो तो शोकसभेत, हार घालून. त्यामुळे तुम्हाला हे चमत्कारिक वाटणारच. शेवटची दोन नाटकं त्यानं याच घरात लिहिली, असं गाईड सांगू लागेल. तेवढ्यात मोबाइलची बॅटरी किती उरलीय ते बघून घ्या.

१९०६ साली तो गेला, तोही इथेच. आज जरा बरं आहे, असं नर्स पाहुण्यांना सांगत होती, तर हा म्हणे "उलट!" एवढंच बोलला आणि दुसऱ्या दिवशी खरं करून दाखवलं. इथे हसू नका, ग्रुपमधले ज्येष्ठ नागरिक बघत असतात.

बाहेर पडल्यावर ग्रँड कॅफेपर्यंत चाला. इब्सेन तिथे रोज ठरल्या वेळी जायचा. हॅटच्या आत छोटा आरसा असायचा, केस नीट करायला. (बंडखोर म्हणून काय विस्कटलेलं फिरायचं?) त्याच्या वाटेवर त्याची वाक्यं फुटपाथमध्ये पोलादी अक्षरांत बसवलीत. न वाचता तुडवत जाण्याची इतकी चांगली सोय दुसऱ्या कुठल्या लेखकाची नसेल.

कॅफेत कुणीतरी जाणकार त्याच्या १८७९ च्या 'डॉल्स हाउस' नाटकाचा विषय काढेलच: नवरा-मुलांना सोडून दार आपटून जाणारी नोरा, अनंत काणेकरांनी मराठीत केलेलं 'घरकुल', वगैरे. मान डोलवा. फारच ताणलं, तर जर्मनीतला किस्सा टाका. मी माझ्या मुलांना कधीच सोडणार नाही, म्हणून तिथली नटी अडून बसली; दुसऱ्या कुणी शेवट फिरवण्यापेक्षा इब्सेननंच तो नाइलाजानं बदलून दिला आणि वर त्याला रानटी अत्याचार म्हटलं. तुम्ही मात्र तोच शेवट जास्त पटतो असं सांगा. टेबलावरचे निम्मे पुरुष तुमच्या बाजूनं येतील.

आणि परतताना बसमध्ये बायकोनं विचारलंच, "ती नोरा मग गेली कुठे हो?" तर "माहेरी" म्हणा आणि खिडकीबाहेर बघा.