वाड्यातली ‘वाघमारी’ आणि पाच कोटींचा फॉरवर्ड

पंधरा दिवसांपासून भंडारा जिल्ह्यातल्या साकोली-लाखांदूर पट्ट्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फोटो फिरतोय. आमच्या मामांच्या वाड्यात धानाची कोठी हलवताना सापडलेलं आजोबांचं रिव्हॉल्वर, आणि खाली मजकूर: ‘इंग्रजांनी वाघाच्या शिकारीसाठी बनवलेली खास वाघमारी. जगात फक्त बारा. बाणाची खूण गोंड राजाची. किंमत पाच कोटी. शंभर वर्षं झाली म्हणून परवान्याची गरज नाही.’ वाक्यं पाच, आणि पाचही चूक. ठाण्यात हवालदारांनी ते वर्तमानपत्रावर ठेवून पंचनामा केला तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. जे कोरलेलं दिसलं ते वहीत उतरवून घेतलं.

आधी ‘वाघमारी’. डाव्या अंगावर वेब्ली या इंग्रज कंपनीचं नाव, ‘मार्क ६’ आणि सन १९१७. मुठीच्या बुडाशी एक कडी. ही कडी शिकाऱ्यासाठी नसते. झटापटीत हत्यार पडू नये म्हणून सैनिक त्यात दोरी ओवून गळ्यात अडकवायचा. मार्क ६ हे ब्रिटिश फौजेनं १९१५ साली, पहिल्या महायुद्धाच्या ऐन धुमाळीत स्वीकारलेलं रिव्हॉल्वर. खंदकातल्या लढाईचं हत्यार, मचाणावरचं नव्हे.

‘पण बोअर तर ४५५ आहे!’ असं पुतण्या तीनदा म्हणाला. बोअर म्हणजे नळीच्या तोंडाचा व्यास, इथे पॉइंट ४५५ इंच. तोंड मोठं म्हणजे ताकद मोठी, असं माणसातही नसतं. ४५५ ची गोळी सतरा ग्रॅमची, जड खरी, पण सुटते सेकंदाला १८०-१९० मीटरनं. ज्याला खरोखर शिकारीचं रिव्हॉल्वर म्हणतात ते पॉइंट ४४ मॅग्नम स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन या कंपन्यांनी अमेरिकेत १९५५ च्या अखेरीस आणलं. त्याची गोळी थोडी हलकी, पण वेग दुपटीहून जास्त, त्यामुळे गोळीची ताकद चौपटीहून जास्त. आणि आमच्याकडची मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारी जमीनदारी, संपली ३१ मार्च १९५१ ला. म्हणजे असं रिव्हॉल्वर जगात यायच्या आधीच आजोबा मालगुजार राहिले नव्हते.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. हत्तीवरून शिकार करणारे साहेब अंबारीत जाड नळीचं पिस्तूल जवळ ठेवत. वाघ हत्तीवर चढलाच तर शेवटचा उपाय म्हणून. पण ती बहुतेक दुनळी पिस्तुलं, आणि त्यांनी कोणी शिकारीला निघत नसे. मामांच्या बैठकीत आजोबांचा मेलेल्या वाघासोबतचा फोटो अजून आहे. हाका करून मारलेला वाघ. आजोबांच्या हातात लांब दुनळी बंदूक. कमरेला काही नाही.

‘जगात बारा.’ सांगाड्यावर ठोकलेला नंबर सहा आकडी आहे. बाराच करायच्या होत्या तर सहा आकडे कोणासाठी? मार्क ६ लाखांच्या संख्येनं बनली. दुर्मिळता शोधायचीच तर ती वेगळ्या ठिकाणी असते. युद्धानंतर अमेरिकेत गेलेल्या कित्येक वेब्लींची चकरी, म्हणजे काडतुसं भरायचा फिरता भाग, मागून तासून त्यात तिकडची ४५ ची काडतुसं बसवली गेली. त्यामुळे न तासलेली चकरी, सगळ्या भागांवर तोच नंबर, हे संग्राहक आधी बघतात. आमचीची चकरी न तासलेली दिसली. पण एवढ्यानं ती बारांतली एक होत नाही.

बाणाची खूण वाचून मला हसूच आलं. गोंड राजांचा मान माझ्याही मनात आहे, पण हा तीन रेघांचा बाण ब्रिटिश सरकारी मालाचा शिक्का. तोफेपासून तंबूपर्यंत सगळ्यावर. गंमत अशी की इथे टोकाला टोक लावलेले दोन बाण आहेत, आणि त्याचा अर्थ ‘सरकारी साठ्यातून विकून टाकलं’. म्हणजे फौजेनं मोडीत काढलेला माल आजोबांनी घेतला. मला तर ही हकीकत पाच कोटींपेक्षा जास्त आवडली.

किमतीवर फार लिहीत नाही. परवानाधारकाशिवाय कोणाला विकताच येत नाही, तर कोटी देणार कोण?

राहिला परवाना, आणि याच वाक्यानं घात केला असता. १९५९ च्या शस्त्र कायद्यात वयाची सूट नाही. जुनाट किंवा पुराण मोलाच्या हत्याराला सूट आहे, पण दुरुस्त करूनही चालणार नसेल तरच. आमची चकरी हवालदारांच्या बोटानं टकटक फिरली. आजोबांच्या परवान्याची मुदत त्यांच्याबरोबरच संपली. अशा वेळी हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावं लागतं. वारसानं हवं तर रीतसर अर्ज करावा. त्या परवान्याच्या वहीत, बाय द वे, कारणाच्या रकान्यात लिहिलंय ‘स्वसंरक्षण’.

मामींनी ठाण्याच्या पायरीवर विचारलं, ‘मंग पाच कोटी नाहीच का जी?’ मी नाही म्हणालो. त्यांनी जमा पावतीची घडी घातली, बटव्यात ठेवली आणि मुलाला म्हणाल्या, ‘त्या नागपूरवाल्याले फोन लाव, येऊ नको म्हणा.’