प्रत्येकाचे आजोबा

हृदयविकार कसा टाळावा हे मी पेशंटला सांगायला लागलो की दुसऱ्याच वाक्याला त्याचे आजोबा मध्ये पडतात. आजोबा जाऊन पंधरा-वीस वर्षं झालेली असतात, पण माझ्या दवाखान्यात त्यांचं येणं-जाणं चालू आहे. आजोबांनी पुरणपोळीवर वाटीनं तूप ओतून घेतलं, रोज बंडलभर विड्या ओढल्या, डॉक्टरची पायरी कधी चढले नाहीत आणि पंच्याण्णवाव्या वर्षी सगळे दात शाबूत ठेवून, कुणालाही त्रास न देता गेले. एवढं ऐकल्यावर हातातला लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातली चरबी मोजल्याचा, कागद माझा मलाच पोरकट वाटायला लागतो.

साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावात माझी प्रॅक्टिस आहे. नव्वदीच्या आत गेलेले आजोबा इथे कुणालाच नव्हते. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशातलं सरासरी आयुर्मान पस्तिशीच्याही आत होतं, असं पुस्तकं सांगतात. बालमृत्यू धरले तरी ती सरासरी एवढी खाली नेमकं कोण ओढत होतं, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

आजोबांच्या मानानं वडिलांचा विषय लवकर आटोपतो.

"घरात कुणाला हार्टचा त्रास?"

"छे! आमच्यात हार्टचं काहीच नाही."

"वडील आहेत?"

"नाहीत. ते गॅसनं गेले."

आमच्या भागात गॅसनं गेलेले वडील पुष्कळ. छातीत कळ आली, दरदरून घाम फुटला, डावा हात जड झाला. मग ओवा चावायला दिला, सोडा पाजला, पाठ चोळली, शेजारची जीप येईपर्यंत सगळं आटोपलं. वय बावन्न. बापाला पंचावन्नच्या आत झटका आला असेल तर मुलानं जास्त जपायचं असतं, म्हणून मी केसपेपरवर तसं लिहायला घेतो. पेशंट टेबलापलीकडून उलटी अक्षरं वाचतो आणि म्हणतो, "हार्ट नका लिहू डॉक्टर, गॅस लिहा. उगाच घराण्याला बट्टा." छातीत दुखणं आणि घाम जोडीनं आले तर सोड्याची बाटली फोडायची नाही, १०८ ला फोन लावायचा आणि ईसीजी काढायचा, हे मी प्रत्येकाला सांगतो. प्रत्येक जण मान डोलावतो. जाता जाता हळूच विचारतो, "पण नुसता गॅसच असला तर?"

अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाचं गाव आहे. १९४८ साली तिथल्या ५,२०९ लोकांची तपासणी करून नोंदी ठेवायला सुरुवात झाली. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि सिगरेट यांचा हृदयाशी काय संबंध, हे जगाला मुख्यतः त्या गावानं शिकवलं. १९७१ मध्ये त्या लोकांची मुलं अभ्यासात घेतली, २००२ पासून नातवंडं. म्हणजे तिथल्या आजोबांचं बीपीसुद्धा कागदावर आहे. आमच्या आजोबांचं सगळं तोंडी.

पुढे २००४ मध्ये ५२ देशांतला इंटरहार्ट नावाचा अभ्यास आला. पहिल्या झटक्याचा सुमारे नव्वद टक्के धोका नऊ गोष्टींत सापडतो, असं त्यातून दिसलं: तंबाखू, रक्तातली चरबी, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्या न खाणं, व्यायाम नसणं, दारू. त्यातच हेही दिसलं की बाकीच्या जगात पहिला झटका साधारण ५९ व्या वर्षी येतो, तर आपल्या दक्षिण आशियात ५३ व्या. या नऊ गोष्टी मी पेशंटला एकेक करून विचारतो आणि नवाच्या नवांतून तो निर्दोष सुटतो.

"तंबाखू?"

"व्यसन कसलंच नाही." हे सांगताना शर्टाच्या खिशात चुन्याची डबी दिसत असते. ती जेवणानंतर पचनासाठी असते म्हणे. त्यांची आई मशेरी लावते, पण तो तंबाखू नव्हे, दातांचं औषध. हे औषध दिवसातून चार वेळा लागतं आणि मिळालं नाही तर माऊलीचं डोकं दुखतं.

"मीठ?" दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून चहाचा चमचाभर, असं मी सांगतो. तर घरात सैंधव आणलेलं असतं. सैंधवातही सोडियमच असतं हो, म्हटलं तर माझ्या पदवीविषयी त्यांना शंका यायला लागते. पापड, लोणचं आणि खारातली मिरची कुणी जेवणात धरतच नाही. सौभाग्यवती शेजारच्या खुर्चीत बसून छताच्या पंख्याकडे पाहत असतात. मी "तेल किती लागतं महिन्याला?" असं विचारलं की त्यांचा पदर तोंडाशी जातो.

"चालणं?"

"दिवसभर रानातच असतो की." रानापर्यंत मोटरसायकल जाते. पूर्वी विहिरीवर मोटर चालू करायला तरी उतरावं लागायचं, आता तीही पारावर बसून मोबाइलवरून चालू होते.

शिकवताना सोपं करून सांगावं म्हणून एकदा एका द्राक्षबागाईतदारांना म्हटलं, "मामा, रक्तवाहिनी म्हणजे तुमच्या ठिबकची नळी समजा. आत क्षार बसत जातात." मामांचे डोळे चमकले. "मग ॲसिड सोडा की! आम्ही वर्षाला सोडतो, नळ्या चकाचक." माझी तिथेच पंचाईत झाली. चरबी नळीच्या आत नुसती चिकटत नाही, ती भिंतीच्या पोटात साठते. कधी तरी त्या साठ्यावरचा पापुद्रा फाटतो, तिथे रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद पडते. त्याआधी वाहिनी फार अरुंद झालेली असतेच असंही नाही, म्हणून आदल्या दिवशी माणूस ठणठणीत दिसतो. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे पाइप कंपनीनंच खराब दिलाय."

गोळ्यांचं काय सांगावं! स्टॅटिन चालू केली, तीन महिन्यांनी कोलेस्टेरॉल खाली आलं. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून त्याच संध्याकाळी गोळी बंद, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कंदी पेढ्यांचा पुडा. गोळीमुळेच नॉर्मल आलाय, असं मी म्हणतो. "पण आता आलाय ना?" यावर माझ्याकडे उत्तर नसतं. पेढा मात्र मी खातो.

गेल्या महिन्यात एक अघटित घडलं. ते गॅसवाले गृहस्थ बीपी दाखवायला आले आणि सोबत चक्क आजोबा! खरेखुरे, हयात, वय त्र्याण्णव, धोतर-टोपी, अंगावर मूठभर मांस. एवढी वर्षं ज्यांच्याविषयी ऐकत आलो ते समोर बघून मी खुर्चीतून उठलो.

"आजोबा, तूप किती खायचा हो तुम्ही?"

"तूप?" आजोबांनी कानामागे हात धरला. "कुठलं तूप? तूप वाईच्या बाजारात इकायला जायचं. घरात ऱ्हायचं ते ताक."

"आणि पुरणपोळी?"

"शिमग्याला. एरवी भाकरी नि कोरड्यास. बाजाराला चालत जायचं, चालत यायचं."

"विडी?"

"तिला पैका लागतोय."

मी विजयी मुद्रेनं नातवाकडे पाहिलं. नातू टेबलावर वाकला आणि आजोबांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, "वय झालंय डॉक्टर. त्यांना आता काही आठवत नाही."